सातव्या पत्राची पूजा

शंभू परबाच्या हातात काही टिकत नाही, हे आरवलीच्या अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. लहानपणी त्यानं कंदिलाच्या काचा फोडल्या, लोणच्याची बरणी फोडली, आणि मामाच्या लग्नात तर वरमाईच्या अंगावर आमटीचं पातेलं उलटं केलं. घरात कुठलंही कार्य निघालं की थोरला भाऊ दत्ताराम आधी ओरडायचा, "शंभू, तू लांब रव रे बाबा!" बिचारा लांब राहायचा. पुढं मुंबईत एका खानावळीत राबला, आणि त्र्याहत्तर साली कुणाच्या तरी ओळखीनं बहारीनला आला. तिथल्या मनामा शहरात एका अमेरिकन बँकवाल्या साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाक, झाडलोट, बाग असं सगळं बघायला लागला. आता कमाल बघा, ज्याच्या हातात सख्खा भाऊ काच देत नव्हता, त्याच माणसाला त्या साहेबांनी अशा खोलीची किल्ली दिली की जिथं दोनशे वर्षांपूर्वीचे कागद ठेवले होते.

साहेबांना नाद होता जुन्या अमेरिकन कागदांचा. अमेरिकेनं इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य मिळवलं, त्या काळातली हातानं लिहिलेली पत्रं, भिंतीवर चिकटवायची छापील पत्रकं, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं, आपल्या पंचांगासारखी चिमुकली पुस्तकं. न्यूयॉर्कला त्यांचे लिलाव व्हायचे. लिलावाआधी जाडजूड कॅटलॉग पोस्टानं यायचा, आणि साहेब नाश्त्याच्या टेबलावर पेन्सिल घेऊन त्यात खुणा करत बसायचे. मग बँकेतली त्यांची सेक्रेटरी लीना टेलेक्सवरून कळवायची, की अमक्या नंबरच्या वस्तूला आमची बोली इथपर्यंत. लिलाव तिकडं, साहेब इकडं, मधे अर्धी पृथ्वी! हातोडा कुणाच्या नावावर पडला हे दुसऱ्या दिवशी टेलेक्स खडखडल्यावर कळायचं.

शंभूला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लिलावाचा निकाल त्याला ताटात दिसायचा. बोली लागली असली की साहेब दोन अंडी खाऊन, शीळ घालत मोटारीत बसायचे. हुकली असली की टोस्टचा नुसता कोपरा चावून उठायचे. मग शंभूचाही दिवस खराब जायचा. पहिल्या वर्षी त्याला हे सगळं खुळ्यांचं काम वाटायचं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हूरा वस्तीतल्या खोलीवर कोकणातली मंडळी जमली की तो रंगवून सांगायचा, "अरे, आमच्याकडे असले कागद वाळवी खाता, आणि हो माणूस विमानान मागवता!" सगळे खो खो हसायचे. दुसऱ्या वर्षी मात्र कुणी हसलं की त्याला राग यायला लागला.

झालं असं, की त्या खोलीत हळूहळू त्याचा जीव गुंतला. तिथं पडदे कायम ओढलेले, एअर कंडिशनर रात्रंदिवस चालू. समुद्राची दमट हवा शोषून घेणारं एक मशीन कोपऱ्यात घुरघुरत असायचं, आणि त्याच्या डब्यात साठलेलं पाणी रोज ओतायचं काम शंभूचं. साहेब दुबईला, लंडनला गेले की किल्ली त्याच्याकडे. त्यांनी ती पहिल्यांदा हातावर ठेवली तेव्हा शंभू ती परत द्यायला लागला होता. त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगूनही टाकलं, की साहेब, मेरे हाथ से सब टूटता है. साहेब हसले आणि त्यांना येणाऱ्या चार शब्दांच्या हिंदीत म्हणाले, "काग़ज़ टूटता नहीं, शंभू." बस्स. त्या दिवसापासून त्या खोलीत जाताना तो चपला बाहेर काढायला लागला. गावी मथुराला, म्हणजे बायकोला, त्यानं पत्रात इतकंच कळवलं की साहेबांचा माझ्यावर भरोसा आहे. बाकी पगार वगैरे सगळ्यांनाच मिळतो, पण भरोसा त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाला होता, आणि तोच त्याची खरी कमाई होती.

आता त्या सगळ्या कागदांत साहेबांचे लाडके कुठले, तर एका साध्या शिपायानं आपल्या बहिणीला लिहिलेली पत्रं. मोठे सेनापती, मोठे पुढारी यांची पत्रं कॅटलॉगात असायची, साहेब ती पानं उलटून पुढं जायचे. लीनानं एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "मोठ्यांना घ्यायला शंभर जण आहेत. ह्याला माझ्याशिवाय कोण आहे?" लीना मूळची पुण्याची, कामात चोख आणि बोलायला मोकळी. घरी फायली घेऊन आली की स्वयंपाकघरात डोकावून शंभूच्या हातचा चहा घ्यायची, आणि साहेबांच्या गोष्टी त्याला मराठीत सांगायची. त्या शिपायाची एकूण सात पत्रं जगात आहेत, असं तिनंच सांगितलं होतं. सहा साहेबांनी एकेक करून मिळवली. सातवं शहात्तर साली लिलावात आलं आणि हुकलं. कुणा दुसऱ्यानं बोली चढवली, साहेबांची मर्यादा टेलेक्समध्ये लिहिलेली होती तिथंच थांबली, आणि खेळ खलास. त्या दिवशी साहेब टोस्टसुद्धा न खाता उठले.

ते बघून शंभूला राहवलं नाही. त्यानं गावच्या देवाला, आरवलीच्या वेतोबाला, केळ्यांच्या घडाचा नवस बोलला. म्हटलं, देवा, ह्या माणसाला ते एक पत्र मिळू दे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, साहेबांना तर नाहीच, कारण वेतोबा आणि केळी हे प्रकरण हिंदीत कसं सांगायचं हेच त्याला उमगेना.

वेतोबानं पाच वर्षं घेतली. एक्याऐंशी साली ते पत्र घेणारा म्हातारा तिकडं वारला आणि पत्र पुन्हा लिलावात आलं. टेलेक्सचं उत्तर आलं त्या दिवशी लीनानं बँकेतून घरी फोन केला, "शंभूभाऊ, आज गोड करा. सातवं मिळालं!" शंभूनं शिरा केला. साहेबांनी तो तीनदा घेतला. पत्र बहारीनला पोचलं दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. साहेबांनी पाकीट उघडलं तेव्हा शंभूला शेजारी उभं केलं, दाखवलं. जाड, खरबरीत, पिवळसर कागद, आणि त्यावर मुंग्यांच्या रांगेसारखी तपकिरी अक्षरं. शंभूनं हात मागं बांधून ते पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

इथं दसऱ्याची गोष्ट सांगायला हवी. दर दसऱ्याला शंभू बंगल्यातल्या सगळ्या वस्तूंची पूजा करायचा. आपल्याकडे हत्यारांची, वह्यापुस्तकांची करतात तशीच. मोटारीच्या बॉनेटला, गॅसच्या शेगडीला, टाइपरायटरला, बागेतल्या कुदळीला, एवढंच काय एअर कंडिशनरलासुद्धा हळद-कुंकवाचं बोट लागायचं. झेंडूची फुलं कुठून आणणार, म्हणून अंगणातली कण्हेर. साहेबांना त्याची भारी गंमत वाटायची. ते फोटो काढायचे आणि अमेरिकेत बायकोला पाठवायचे. त्या वर्षी दसऱ्याला ते सकाळीच दुबईला निघाले होते, संध्याकाळी परत येणार होते. जाताना मोटारीला कुंकू लावून घेतलं, हसले, आणि घराकडे हात फिरवून म्हणाले, "सब का पूजा करो, शंभू. सब का!"

सब का म्हटल्यावर शंभूनं सगळ्यांची केली. आणि अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, किल्लीनं ती खोली उघडली. सातवं पत्र टेबलावर उघडंच ठेवलेलं होतं. ज्याच्यासाठी देवाला बोललो ते पत्र घरात आलं, आणि दसऱ्याला त्याला कोरडंच ठेवायचं? त्यात त्या पत्राच्या माथ्यावर श्री नाही, काही नाही, नुसती मोकळी जागा. लग्नाची पत्रिकासुद्धा हळद-कुंकवाशिवाय आपण कुणाच्या हातात देत नाही. शंभूनं अक्षरांना धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून धरला. अनामिकेनं आधी हळद लावली, मग ओलं कुंकू, बरोबर मधोमध, जिथं श्री असायला हवं होतं तिथं. चार अक्षता, कण्हेरीचं फूल, उदबत्ती. हात जोडले. आयुष्यात एक काम त्यानं न सांडता, न फोडता, इतक्या निगुतीनं केलं होतं.

संध्याकाळी साहेब आले आणि सरळ त्या खोलीत गेले. शंभू चहा घेऊन दारापर्यंत गेला, तर साहेब टेबलापाशी उभे. "ओ, शंभू," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "ओ, शंभू." त्याला वाटलं खूश झाले. तो हसलासुद्धा! मग त्यानं पाहिलं, की साहेब दोन बोटांनी ते फूल उचलतायत आणि खाली लाल डाग पसरलाय. जुना कागद तो, चिंध्यांपासून केलेला, पाणी म्हटलं की अधाशासारखं पिणारा. कुंकू दिवसभरात पसरत पसरत पहिल्या ओळीत उतरलं होतं, आणि भोवती हळदीचं पिवळं कडं उमटलं होतं.

चहाचा ट्रे शंभूनं खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा घेतला, आणि पुसायला धावला. साहेबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी असा हात लावला नव्हता. "नो," एवढंच म्हणाले. शंभू तसाच उभा राहिला. हळदीला साबण लावला तर ती लालभडक होते, उन्हात ठेवली तर उडते पण ऊन त्या कागदाला चालत नाही, लिंबू लावलं तर अक्षरंच जातील. जे जे म्हणून त्याला ठाऊक होतं ते सगळं मनात येऊन गेलं आणि एकाचाही उपयोग नव्हता. तोंडातून काय निघालं? "सॉरी, साहेब." आमटीत मीठ जास्त पडलं तरी तो हेच म्हणायचा. अरे, ह्याच्यासाठी दुसरा शब्द नको का? पण त्याच्याजवळ तेवढाच होता.

पत्र लंडनला एका जुने कागद दुरुस्त करणाऱ्याकडे गेलं. दोन महिन्यांनी परत आलं. शंभूनं लीनाला गाठून विचारलं. ती म्हणाली, हळद थोडी फिकी झाली, कुंकू मात्र काढायला गेलं तर खालची शाई सोबत निघते, म्हणून त्या माणसानं हात टेकले. मग ती म्हणाली, "शंभूभाऊ, तुम्हाला सांगू की नको कळत नाही. हे त्या शिपायाचं शेवटचं पत्र होतं. त्यानंतर तो छावणीतच वारला."

म्हणजे मेलेल्याच्या पत्राला शंभूनं कुंकू लावलं होतं! साहेबांच्या हिशेबानं तर चूक झालीच होती, आता त्याच्या स्वतःच्या देवाधर्माच्या हिशेबानंही झाली. मयताच्या खबरेला कुणी कुंकू लावतं का? गावात असं कुणी केलं असतं तर दत्तारामानं त्याला घरात घेतलं नसतं.

साहेब काही बोलेनात, हे सगळ्यात वाईट. चार शिव्या घातल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती, व्हिसा रद्द करून मुंबईच्या विमानात बसवलं असतं, तर एकदाचं संपलं असतं. तसलं काही नाही. सकाळी "गुड मॉर्निंग, शंभू", रात्री "थँक यू, शंभू". शंभूनं एकदा खोलीची किल्ली आपणहून टेबलावर ठेवली, तर त्यांनी ती बोटानं परत सरकवली, "तेरे पास रखो." त्याला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! मग तो खोली झाडायला गेला, तर सात पत्रांचं कपाट रिकामं. पत्रं साहेबांनी बँकेच्या तिजोरीत नेऊन ठेवली होती. पुढं लिलावाची पाकिटंसुद्धा घरी यायची बंद झाली, बँकेतच उघडायला लागली. साहेबांनी एका शब्दानं त्याला काही म्हटलं नाही. घुरघुरणारं मशीन आणि त्याचं पाणी तेवढं शंभूकडे राहिलं, आणि तो ते रोज ओतत राहिला.

शेवटी एका शुक्रवारी लीना कागदपत्रांवर सह्या घ्यायला आली तेव्हा त्यानं तिच्यापुढं हात जोडले. "लीनाताई, सायबांका नीट समजावून सांगा. माका कागदाचो मान ठेवूचो होतो. आमच्याकडे दसऱ्याक पुस्तकांका हळद-कुंकू लावतत, पत्रिकेक लावतत. ह्या पत्रासाठी मी वेतोबाक केळ्यांचो घड बोललंय. सायबांएवढीच माकापण त्याची ओढ होती. माज्याच हातान घात झालो. माका मारूंदेत, काढून टाकूंदेत, पण असे गप रवू नकात म्हणा."

लीना साहेबांकडे वळली आणि इंग्रजीत एक वाक्य बोलली. एकच. शंभू बघत राहिला, की एवढं सगळं त्या एवढ्याशा वाक्यात कुठं मावलं? पण तिला तरी दोष कसा द्यायचा? आरवलीचा वेतोबा तिनं बँकेच्या इंग्रजीत बसवायचा कुठं? साहेबांनी चष्मा काढला, आणि मग मात्र ते बोलत राहिले. बराच वेळ, खिडकीकडे बघत, मधेच थांबत. शंभूनं एकेक शब्द कानात प्राण आणून ऐकला. त्यात त्याचं नाव दोनदा आलं. ते थांबले तेव्हा लीना त्याला म्हणाली, "साहेब म्हणतात, जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नका."

"इतक्याच? मगाशी तर खूप बोलले ते."

"इतकंच, शंभूभाऊ," ती म्हणाली आणि फायली आवरायला लागली.

त्यानंतर तीन दसरे गेले. शंभूनं घरातल्या कुठल्याही वस्तूला बोट लावलं नाही. एका वर्षी साहेबांनी मोटारीपाशी उभं राहून स्वतः विचारलं, "पूजा?" तर तो मान खाली घालून तिथल्या अरबीत म्हणाला, "मफी पूजा, साहेब." म्हणजे पूजा नाही. साहेब मोटारीत बसून निघून गेले. रजेवर गावी गेला तेव्हा त्यानं वेतोबाचा घड मात्र वाहिला. बोललेलं फेडायला हवं. पण देवापुढं उभं राहून मागायचं काय ते त्याला सुचलं नाही.

पंच्याऐंशी साली साहेब निवृत्त झाले. अमेरिकेला परत जाताना त्यांनी सगळा संग्रहच लिलावाला काढला. आयुष्यभर लिलावातून आणलेलं पुन्हा लिलावातच गेलं. लाकडी पेट्या आल्या, लीना यादी वाचत होती, साहेब एकेक पाकीट आत ठेवत होते. शंभू पेट्यांत भरायला कापूस देत होता, लांबूनच. सहा पत्रं आत गेली. सातवं साहेबांनी बाजूला ठेवलं. लिलाववाल्यांनी कळवलं होतं, असं लीना हळूच म्हणाली, की हे डागाळलेलं सोबत लावलं तर बाकीच्या सहांचाही भाव पडेल, ते वगळा.

पेट्यांची झाकणं ठोकून झाल्यावर साहेबांनी ते पत्र उचललं, स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळलं, आणि शंभूसमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हातांनी पुढं केलं. काहीतरी बोलले, थोडकंच.

"साहेब म्हणतायत, हे तुम्ही ठेवा," लीना म्हणाली.

"नको," शंभू म्हणाला. "नको, साहेब. आपका है. माका वाचूकसुद्धा येणा नाय हो, लीनाताई! मी काय करू त्याचा? देवाकडे ठेवूक येणा नाय, टाकूक येणा नाय. सांगा ना त्यांका!"

लीनानं सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि हात तसेच पुढं धरून ठेवले. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला, विमानाची वेळ होत आली होती. शंभूनं साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. बारा वर्षं तो हे तोंड सकाळच्या अंड्या-टोस्टावरून वाचत आला होता, पण आज त्याला त्यातलं काही म्हणजे काही लागेना. तो लीनाकडे वळला.

"लीनाताई, येकच सांगा. हे माका मायेन देतत, की रागान देतत?"

लीना साहेबांकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तिचे डोळे भरून आले होते.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला नाही कळत, शंभूभाऊ."

शंभूनं हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि ते पत्र घेतलं.